टोळ्या निघण्याआधी कपाटातला जुना फोन बाहेर काढा

यंदा अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे सगळे सण लांबले. गणपती १४ सप्टेंबरला आणि दसरा थेट २० ऑक्टोबरला. बीड जिल्ह्यात दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमांचे फोन खणखणू लागतात, उचल घेतलेल्यांच्या दारात ट्रॅक्टर लागतात आणि पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतल्या वाड्या, वस्त्या, तांडे बघता बघता रिकामे होतात. हे आवाहन त्या तारखेच्या आत पुरं व्हायला हवं. नंतर कितीही मदत आली, तरी ती घ्यायला गावात माणूस नसेल.

मागणी सरळ आहे. तुमच्या घरात वापरात नसलेला, पण चालू होणारा स्मार्टफोन पडून असेल, तुमच्या कचेरीत किंवा कॉलेजात बाजूला काढलेले संगणक असतील, तर ते बीडला द्या. त्यांत इंटरनेटशिवाय चालणारा मराठी ज्ञानकोश भरायचा आणि दसऱ्यापर्यंत ते तीन ठिकाणी पोचवायचे: फडावर निघालेल्या टोळ्यांकडे, मागं राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहांत आणि गावच्या वाचनालयांत. पैसे नकोत. वस्तू हवी, आणि ती सुस्थितीत करून देणारे हात हवेत.

ऊसतोड म्हणजे काय हे बीडच्या माणसाला सांगायला नको, पण हे पुण्या-मुंबईतही वाचलं जाईल म्हणून थोडक्यात सांगतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उन्हाळ्या-पावसाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, आणि सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोट, जिथं कारखाना तिथं टोळी. किती माणसं जातात यावर एकमत नाही; आकडा लाखांत आहे एवढं मात्र सगळे मान्य करतात. चार-पाच महिने मुक्काम उसाच्या पाचटाच्या कोपीत. घरी आजी-आजोबा असतील तर मुलं मागं राहतात आणि त्यांच्या जेवणासाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. आजी-आजोबा नसतील किंवा तेही कोयता घेऊन निघाले असतील, तर मुलंही गाडीत बसतात. या मुलांसाठी साखरशाळांचा प्रयोग महाराष्ट्रात झाला, जनार्थसारख्या संस्थेनं तो नेटानं चालवला, पण फड हलतो आणि शाळा एका जागी असते, ही अडचण काही सुटली नाही. कर्नाटकात गेलेल्या पोराला तर हंगामभर मराठी अक्षर बघायला मिळालं तर मिळालं. शेजारची शाळा कन्नड, दुकानाची पाटी कन्नड. चौथीतला मुलगा पाडव्याला परत येतो तेव्हा त्याचं वाचन दुसरीत गेलेलं असतं, हे जिल्हा परिषदेच्या कुठल्याही गुरुजींना विचारा.

आता यंत्राचं. किविक्स नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. स्वित्झर्लंडमधून चालणाऱ्या या कामाची सुरुवात २००७ मध्ये झाली. ते अख्खा विकिपीडिया एका फाइलमध्ये बांधून देतं. ती फाइल फोनच्या कार्डावर टाकली की झालं, सिमकार्ड नको, रिचार्ज नको, टॉवर नको. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट शंभर जीबीच्या आसपास जातो, त्याच्या नादी आपण लागायचं नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि आज लेखांची संख्या लाखाच्या घरात आहे, तरी त्याची फाइल जुन्या फोनच्या कार्डात आरामात मावते. उरलेल्या जागेत बालभारतीची पाठ्यपुस्तकं ठेवता येतात, ती मंडळाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवरच्या मराठी गोष्टी ठेवता येतात, त्या मुक्त परवान्याच्या आहेत.

यातली सगळ्यात कामाची सोय लोकांना माहीतच नसते. किविक्सच्या अँड्रॉइड ॲपमधून तो फोन स्वतःच हॉटस्पॉट होऊन आपल्याजवळचा कोश इतरांना देऊ शकतो. म्हणजे टोळीत एकाच फोनवर कोश असला, तरी आसपासच्या कोप्यांतले चार-सहा फोन त्याला जोडून ब्राउझरमध्ये तोच कोश उघडू शकतात, आणि कुणाच्याही डेटातला एक एमबी खर्च होत नाही. जुना संगणक असेल तर तो हेच काम अख्ख्या वसतिगृहासाठी करतो. फोनला लागणारी वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून मिळते. संगणकाला मात्र शाळेत वीज हवी, आणि थकलेल्या बिलापायी मीटर काढून नेलेल्या शाळा आपल्याकडे कमी नाहीत. म्हणून टोळीला फोन आणि वाचनालयाला संगणक, अशी वाटणी मी सुचवतो. शाळेनं आपलं वीजबिल पाहून काय ते ठरवावं.

इथं हमखास एक प्रश्न येतो. अहो, आता तांड्यावरच्या पोराकडंसुद्धा फोन आहे, नेट आहे, कोश कसला देता? प्रश्न रास्त आहे. पण फोन बापाचा असतो, आणि बाप फोन घेऊन फडात असतो. रिचार्ज उचलीतून होतो, महिनाअखेरीला संपतो. बालाघाटच्या डोंगरातल्या कित्येक वस्त्यांवर रेंजसाठी माळावर चढावं लागतं. आणि जिथं रेंज आहे तिथं त्या नेटवर काय बघितलं जातं, हे तुम्हीही जाणता आणि मीही. उघड्या नेटवर शिकायला गेलेलं पोर दहाव्या मिनिटाला रील बघत असतं; त्यात त्याचा दोष नाही, ते यंत्र तसंच बनवलेलं आहे. सिम नसलेल्या फोनमध्ये एकच दार उघडं असतं. मला तर ही त्या फोनची सगळ्यात मोठी खुबी वाटते.

मुलं त्यावर काय शोधतात? आधी स्वतःचं गाव, मग क्रिकेटपटू, मग वाघ-साप-डायनोसॉर, हा क्रम जवळजवळ ठरलेला. त्यानंतर खरे प्रश्न येतात. आईबाप ज्या कारखान्याला ऊस घालतात तिथं काळपट रसाची पांढरी साखर कशी होते, हे ऊसतोड्याच्या मुलीला कुणी सांगितलेलं नसतं. रसात चुना घालतात, गंधक जाळून त्याचा वायू सोडतात, मळी खाली बसते, मग आटवण. एवढं कळल्यावर ती पुढं विचारते की मग गूळ पिवळा का. अशा वेळी एक गंमत होते. बोलून शोधायची सवय लागलेल्या पोरांना इथं टाइप करावं लागतं, कारण नेटशिवाय बोललेलं बहुतेक फोनना कळत नाही. 'सुर्य' लिहिलं तर सूर्य उगवत नाही. यंत्र ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत जुन्या मास्तरांपेक्षा कडक आहे, आणि मार न देता सुधारून घेतं. पहिली दोन अक्षरं बरोबर पडली की खाली शब्दांची यादी येते आणि त्यातून पोरं वाट काढतात.

मोठ्यांचे प्रश्न वेगळे. २०२२ च्या पावसाळ्यात बीड, लातूर, तेव्हाचा उस्मानाबाद या पट्ट्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं कुरतडली, लोकांना दुबार पेरणी करावी लागली. हा जीव काय, तो रात्रीच का बाहेर पडतो, अंडी कुठं घालतो, हे माहीत नसल्यानं माणसं दुकानदार देईल ते औषध फवारत होती. गोगलगाय हा कीटक नाही, त्यामुळं कीटकनाशकानं ती मरेलच असं नाही, एवढं एक वाक्य वेळेवर हाती असतं तरी फवारणीचे काही पैसे वाचले असते.

त्याहून जड गोष्ट बायकांची. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण देशभर गाजलं. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२ हजारांवर महिलांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी तिशी-पस्तिशीतल्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की दंड बसतो, अंगावरून जातं, पोट दुखतं, आणि 'पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल' असं सांगितलं की बाई हो म्हणते. पुस्तकातल्या चार ओळींनी या शस्त्रक्रिया थांबल्या असत्या, असला भाबडा दावा मी करणार नाही. खाड्याचा दंड, उचलीचं ओझं, फडावर नसलेलं न्हाणीघर ही कारणं कोश दूर करत नाही. पण पिशवी काढल्यावर, त्यातही अंडाशयं काढली तर, हाडांचं काय होतं, दुसरा इलाज असतो का, दुसऱ्या डॉक्टरला विचारता येतं का, एवढं वाचलेली एखादी सून किंवा पोरगी टोळीत असती तर टेबलावर झोपायच्या आधी निदान एक प्रश्न विचारला गेला असता. त्या एका प्रश्नासाठी हा फोन टोळीसोबत जायला हवा. आजकाल टोळीत दहावी-बारावी झालेल्या सुना असतात, पदवी घेतलेली पोरंही कोयता धरतात. वाचणारं माणूस आहे, वाचायला काही नाही.

आणि हाताशी असेल त्या वस्तूवर ज्ञान उतरवणं हे काही नवं खूळ नाही. अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी पंचीकरणासारखा गहन विषय कापडावर लिहिला. चाळीसेक फूट लांब आणि चारेक फूट रुंद ती पासोडी आजही अंबाजोगाईत आहे. अंगावर पांघरायच्या जाड्याभरड्या वस्त्रावर चारशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात ग्रंथ उतरला. तुटक्या काचेचा फोन त्या मानानं फारच चांगला कागद म्हणायचा. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेलहून डॉक्टरेट घेऊन आले आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड त्यांनी तडीला नेले, वर्गणीदार मिळवायला गावोगाव हिंडले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला तो मुंबईत किंवा पुण्यात नाही, वाईसारख्या तालुक्याच्या गावी. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. एवढं सगळं मराठीत आहे. ते बीडच्या तांड्यापर्यंत पोचलं नाही ते वजनामुळं. वीस खंडांचं कपाट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोण चढवणार? आता वजनाची अडचण उरलेली नाही.

यंत्रं देऊन फसलेल्या प्रयोगांचीही आठवण ठेवू. 'एक मूल, एक लॅपटॉप' हा अमेरिकेतून निघालेला उपक्रम भारतात पहिल्यांदा उतरला तो महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातल्या कर्जत भागातल्या खैराट या छोट्या गावी, २००७ मध्ये. एकशिक्षकी शाळा, वीसेक मुलं, हिरवे-पांढरे लॅपटॉप. मुलांनी ते आनंदानं आत्मसात केले, त्याबद्दल शंका नाही. पण शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला तो लॅपटॉप जवळजवळ दुप्पट किमतीला पडला, त्याचे सुटे भाग बाजारात मिळणारे नव्हते, आणि देशभर तो पसरला नाही. माझ्या मते धडा एवढाच आहे की खास बनवलेलं यंत्र नको. जो फोन केजच्या बसस्टँडसमोरच्या टपरीत उघडता येतो, ज्याची बॅटरी माजलगावात मिळते, तोच गावात टिकतो. फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकी देशांत २०१२ पासून विद्यापीठांमध्ये किविक्स भरलेले छोटे संगणक बसवले गेले, तेव्हा सोबत तिथल्याच माणसांना प्रशिक्षण दिलं होतं, ही गोष्ट आपण उचलायला हवी.

कचेऱ्या, बँका, पतसंस्था आणि कॉलेजांना हे खास सांगणं. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार बंद केला. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर चढत नाही. त्यामुळं अगदी ठणठणीत संगणक ठिकठिकाणी बाजूला निघालेत, डेड स्टॉक रजिस्टरला लागलेत आणि निर्लेखनाची वाट बघत जिन्याखाली धूळ खातायत. त्यांच्यावर लिनक्स टाकलं की ते आणखी चार-पाच वर्षं सहज चालतात. कोश वाचायला आणि वाटायला त्याहून जास्त ताकद लागत नाही. तुमची भीती मला ठाऊक आहे, हार्डडिस्कमध्ये खातेदारांची माहिती असते. मग हार्डडिस्क काढून ठेवा, तुमच्या नियमाप्रमाणं ती नष्ट करा, आणि बिनडिस्कचा संगणक द्या. छोटी एसएसडी गावाकडची माणसं वर्गणी काढून बसवतील. प्राचार्यांनो, निर्लेखन समितीची बैठक मार्चमध्ये घ्यायची असा रिवाज असेल तर यंदा ती सप्टेंबरमध्ये घ्या. भंगारवाल्याला किलोवर विकून जे हाती येतं, त्याचा आकडा एकदा बघा म्हणजे निर्णय सोपा होईल.

घरच्या फोनबद्दल थोडं नीट वाचा, कारण इथंच बहुतेक दान वाया जातं. लोक उदारपणे फोन देतात, देताना फक्त रीसेट मारतात, आणि फोन चालू केला की तो जुन्या मालकाचं गूगल खातं मागत बसतो. मालकाला पासवर्ड आठवत नाही. झाला त्याचा दगड. म्हणून आधी सेटिंगमध्ये जाऊन गूगल खातं काढून टाका, स्क्रीनचं कुलूप काढा, आणि मगच रीसेट करा. आयफोन असेल तर आयक्लाउडमधून बाहेर पडा. फोटो, बँकेची ॲप, व्हॉट्सॲप आधी दुसरीकडे घ्या. सिम आणि तुमचं कार्ड काढून घ्या. अँड्रॉइड सात किंवा त्यापुढची असावी, त्याच्या आतल्या फोनवर नवं किविक्स नीट चालत नाही. काचेला तडा चालेल, टच चालला पाहिजे. चार्जर सोबत द्या, आणि तो रबरानं फोनलाच बांधा; सुटा चार्जर वाटेत हरवतोच. जमलं तर एक मेमरी कार्ड घाला, ३२ जीबी पुरे.

काय देऊ नये तेही स्पष्ट सांगतो. पाठीमागचं झाकण उचललं गेलंय, बॅटरी फुगलीय, असा फोन कुरियरनं तर मुळीच पाठवू नका. फुगलेली लिथियम बॅटरी दाबली गेली की पेट घेऊ शकते. मोठ्या डब्याचे काचेचे मॉनिटर नकोत. शाई संपलेले प्रिंटर नकोत. 'काहीतरी उपयोग होईल' या भावनेनं आलेला ढीग आमच्या माथी मारू नका. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला आणि त्यातला पाव हिस्सासुद्धा रीतसर गोळा झाला नाही, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. त्या कचऱ्याची एक शाखा बीडमध्ये उघडण्यात कुणाचंच भलं नाही.

आता ज्यांच्या हातांशिवाय हे होणार नाही, त्या मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांना. तुमच्या टेबलावर हे काम कसं चालतं ते मी पाहत आलोय. 'चालूच होत नाही' म्हणून आलेला संगणक उघडायचा, ब्लोअरनं धूळ उडवायची, रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवरून शाळकरी खोडरबर फिरवायचा, परत बसवायची, आणि मेलेला डबा टिंग करून उठतो. पाच मिनिटांचं काम, पण ते पाच मिनिटांचं ज्ञान शाळेतल्या मास्तरांकडं नसतं आणि तेवढ्यासाठी संगणक वर्षानुवर्षं झाकून ठेवलेले असतात. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी दोन-तीन दुकानदारांनी आठवड्यातला एक रिकामा दुपारचा वेळ दिला तरी भागेल. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या पोरांना सोबत घ्या, त्यांचाही हात बसेल. एक तांत्रिक सूचना, कारण यात अनेकजण अडतात: कार्ड फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेलं असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही, मध्येच चूक दाखवते, आणि माणसाला वाटतं कार्डच खराब. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

गुरुजी आणि बाईंना मी जास्त सांगत नाही. २०१५-१६ मध्ये लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करायची लाट आली, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी पदरचे पैसे घालून प्रोजेक्टर आणले होते. आज ते कपाटात आहेत हेही तुम्ही जाणता. विनंती एवढी, की वसतिगृहाला मिळालेला फोन कपाटात जाऊ देऊ नका. हरवेल, फुटेल, ठीक आहे. फुटलेला फोन दुरुस्त होतो, कुलूपबंद फोनला काही इलाज नाही. एखाद्या सातवीतल्या मुलीकडं किल्ली द्या, ती तुमच्यापेक्षा चोख सांभाळेल.

वाचनालयांचं तसंच. आपल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयांत वर्तमानपत्र आणि स्पर्धा परीक्षेची पोरं, एवढंच उरलंय. तिथं कोपऱ्यात एक संगणक कोश घेऊन बसला, तर गावातला कुणीही आपला फोन जोडून वाचू शकेल, आणि त्याच्याकडून वसतिगृहांना, आणि निघण्याआधी टोळ्यांना, ताजी फाइल मिळेल. फाइल उतरवायला नेट लागतं ते अधूनमधून आणि एकाच ठिकाणी. ग्रंथपालांनी एवढी जबाबदारी घ्यावी.

मुकादमांनाही हाक आहे. तुमच्याबद्दल पेपरात जे छापून येतं ते खरंखोटं काय ते तुम्ही जाणा. टोळीतल्या माणसांचा विश्वास शेवटी तुमच्यावर असतो, कुणाचं पोर हुशार, कुणाची सून शिकलेली, हे तुम्हालाच माहीत. फोन त्या घरात द्या. स्वतःच्या खिशात ठेवू नका.

अंबाजोगाईत मानवलोक, आर्वीत शांतिवन, अशा संस्थांनी या जिल्ह्यात शेतकऱ्यांसाठी आणि ऊसतोड्यांच्या मुलांसाठी जे काम केलंय ते महाराष्ट्राला माहीत आहे. पण प्रत्येक गोष्ट त्यांच्याच दारात नेऊन ठेवायची ही आपली खोड मोडली पाहिजे. या कामाला ना नोंदणी लागते, ना कार्यालय. तुमचं मूळ गाव बीड जिल्ह्यात असेल तर मधे कुणी लागतच नाही: फोन तुमचा, कार्ड तुमचं, फाइल मोफत, आणि गणपतीला गावी जाणार आहातच. पिशवीत घाला, गावच्या शाळेत नेऊन द्या, मुलांसमोर एकदा उघडून दाखवा. नसेल गाव बीडला, तर ओळखीच्या बीडकराला गाठा. पिंपरी-चिंचवडमध्ये, वाळूजमध्ये, हडपसरमध्ये तो तुमच्या शेजारीच राहतो.

ज्यांच्याकडं द्यायला यंत्र नाही पण लिहिता येतं, त्यांनाही काम आहे. मराठी विकिपीडिया लाखाच्या घरात गेला हे ऐकायला बरं वाटतं, पण त्यातले कितीतरी लेख दोन ओळींचे आहेत. बीड जिल्ह्यातल्या गावांचे लेख उघडून पाहा: 'अमुक हे तमुक तालुक्यातले एक गाव आहे', पुढं साचेबंद हवामान, संपलं. मूल सगळ्यात आधी स्वतःचं गाव शोधतं आणि त्याला हे मिळतं. गावच्या नदीचं नाव, जत्रा, जुनं मंदिर, पिकं, पाण्याची गोष्ट, एवढं तरी घाला, पण छापील पुराव्यासकट घाला, नाहीतर संपादक काढून टाकतील आणि ते बरोबरच करतील. प्राध्यापकांनी आणि डॉक्टरांनी पाळी, रक्तक्षय, सर्पदंश, गर्भाशयाचे आजार या विषयांवरचे मराठी लेख एकदा वाचून बघावेत आणि जिथं लाज वाटेल तिथं दुरुस्त करावेत.

मराठी विश्वकोश मंडळाला एक जाहीर विनंती. विश्वकोश विजया वाड यांच्या अध्यक्षतेच्या काळात ऑनलाइन आला, तो सगळ्यांच्या उपयोगाचा झाला. आता सगळे खंड आणि कुमार विश्वकोश एका फाइलमध्ये बांधून, कुणालाही उतरवून घेता येईल आणि वाटता येईल अशा परवान्यानं द्यावेत. गोवा विद्यापीठानं कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली आणला. वाईला ते अवघड नाही. विश्वकोशातल्या नोंदी तज्ज्ञांनी लिहिलेल्या, तपासलेल्या आहेत. विकिपीडिया त्याच्यासोबत असला तर मुलाला एकाच गोष्टीबद्दल दोन ठिकाणी वाचता येईल, आणि दोन्हीकडं वेगळं लिहिलं असेल तर ते आणखीच चांगलं.

यंत्र मेलं की काय, तेही आधीच ठरवून ठेवू. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुनी यंत्रं अधिकृत प्रक्रिया करणाऱ्याकडंच जायला हवीत. तांब्यासाठी वायर जाळणं, बॅटरी उकिरड्यावर फेकणं, हे आपल्या हातून होता कामा नये. ज्या दुकानदारानं दुरुस्त करून दिलं, त्याच्याकडंच मेलेलं यंत्र परत जमा करा. तालुक्याचा एक ढीग झाला की तो अधिकृत ठिकाणी जाईल. नगरपरिषदांनी आणि नगरपंचायतींनी एवढी एक गाडी द्यावी.

वेळापत्रक पंचांगानंच आखून दिलंय. १४ सप्टेंबरला गणपती बसतील. मंडळांनी वर्गणीच्या पावतीबरोबर 'घरात जुना फोन आहे का' हे विचारावं आणि दहा दिवस मांडवातच गोळा करावेत. २५ तारखेला अनंत चतुर्दशी. मग पितृपंधरवडा, त्या दिवसांत नव्या फोनची खरेदी कुणी करत नाही, दुरुस्तीची दुकानं मोकळी असतात. तेव्हा सगळे फोन उघडायचे, पुसायचे, कोश भरायचा. ११ ऑक्टोबरला घट बसतील. नवरात्रात अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला अख्खा जिल्हा येतो, टोळ्यांची माणसंही येतात. तिथं आणि गावोगावच्या शाळांत वाटप उरकायचं. प्रत्येक फोनच्या पाठीवर चिकटपट्टी लावून त्यावर टोळीचं किंवा वसतिगृहाचं नाव आणि 'सिम टाकू नये' एवढं लिहायचं. २० तारखेच्या संध्याकाळपर्यंत जे फोन तयार होतील ते ट्रॅक्टरवर चढतील, जे राहतील ते वसतिगृहांना. तुमचा फोन यांतल्या कुठल्या ढिगात जाणार, ते तुम्ही तो कपाटातून कधी काढता यावर आहे.